कोण बोलतंय?

शेलार बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या दत्ता माझ्या दुकानात आला. मारुंजीच्या चौकात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. बारसं, वाढदिवस, निवड, नेमणूक, दहावा, तेरावा, सगळे फ्लेक्स माझ्याकडूनच जातात. दत्तानं मोबाईलमधला बाईंचा फोटो दाखवला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा नेहमीचा मजकूर सांगितला आणि जाता जाता म्हणाला, "मंगलताई, फोटोखाली येक चांगली वळ टाक. आत्याच्या त्या इंग्रज कवीची टाक येखादी. लई भारी वळी व्हत्या त्याच्या."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दत्ता, तुझ्या आत्याचं निम्मं आयुष्य त्या ओळींपायी भांडण्यात गेलं. आणि तूच तिच्या फोटोखाली ओळ टाक म्हणतोस? कुठली टाकू, सांग. आणि ती ओळ कोण बोलतंय, तेपण सांग."

तो वरमला. "तू बघ काय ते," एवढंच बोलून निघून गेला. मी मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिले. आयुष्यभर लोकांच्या नावाखाली 'कोहिनूर हिरा' आणि 'दिलदार व्यक्तिमत्त्व' छापलं, तेव्हा कधी हात अडला नाही. त्या दिवशी अडला.

बाई आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मूळच्या नेऱ्याच्या, भावाच्या घरामागच्या एका खोलीत राहायच्या. बुटक्या, सावळ्या, पायात पुरुषी चपला, हातात बारा महिने छत्री. ती छत्री त्यांनी कधी उघडल्याचं मला आठवत नाही. फळ्यावर दाखवायला, पोरांना थांबवायला, कुत्री हाकलायला आणि गावातल्या मोठ्या माणसांच्या छातीला लावून बोलायला ती होती. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "आल्ती की दोन स्थळं. दोघंबी लई बोलत व्हते, पण कोण बोलतंय तेच कळंना. एकाच्या तोंडून त्याची आई बोलत व्हती, अन् दुसऱ्याच्या तोंडून त्याचा मामा."

आमच्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळेत एखादा राणीछाप रुपया असायचा. त्या रुपयावरच्या राणीच्या काळातला तो कवी. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. बाईच म्हणाल्या असत्या, नाव कशाला हवंय, तो कुठं बोलतोय? त्यांच्या मते त्या कवीची खोडच अशी, की तो स्वतः कधी तोंड उघडायचा नाही. कवितेत एखादा माणूस उभा करायचा आणि त्याला बोलायला लावायचा. कधी चोर, कधी विधवा, कधी पाद्री, कधी मुकादम. आणि त्याचे चोर फार गोड बोलायचे. "सज्जनाला गोड बोलायची गरज नसती," बाई म्हणायच्या, "म्हणून ध्यानात ऱ्हाणारी वळ सापडली की आधी खिसा चाचपायचा."

पुठ्ठा सुटलेलं त्याचं एक पुस्तक प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून त्या पिशवीत ठेवायच्या. धड्यातलं संपलं की ते काढायचं. आधी इंग्रजीतून वाचायच्या, खणखणीत, खिडकीबाहेरचे म्हशीवाले थांबतील अशा. मग तीच ओळ आमच्या बोलीत. आणि लगेच छत्री फळ्यावर आपटून एकच सवाल: "कोण बोलतंय?" सगळ्या वर्गानं एका सुरात उत्तर द्यायचं. "मी बुडालो म्हणून वारा शाणा ठरत न्हाई." कोण बोलतंय? "नावाडी, बाई." "वाट चालणाऱ्याची नसती, वळणावर थांबणाऱ्याची असती." कोण बोलतंय? "दरोडेखोर, बाई." उत्तर चुकलं तर मारायच्या नाहीत. अख्ख्या वर्गाला कविता पहिल्यापासून ऐकायला लावायच्या. त्यापेक्षा मार परवडला असता.

तो सवाल वर्गात राहिला नाही. आमच्या अख्ख्या पिढीच्या मानगुटीवर बसला. माझं लग्न झाल्यावर मी दुकान काढायचं म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, लोक म्हणतात बाईमाणसाला चौकातलं दुकान शोभत नाही. मी रडत बाईंकडे गेले. बाईंनी विचारलं, "लोक म्हंजी कोण? नाव सांग." मी सासूबाईंना विचारलं, त्यांनी जावेचं नाव सांगितलं, जावेनं तिच्या भावाचं. तो भाऊ त्याच चौकात स्वतःचं दुकान काढायच्या बेतात होता. पुढच्या महिन्यात माझं शटर उघडलं. नारळ बाईंनी फोडला, तोही दगडावर असा आपटला की निम्मं खोबरं रस्त्यात.

आपटायची त्यांना आवडच होती. राग आला की बाई धुणं काढायच्या. स्वच्छ कपडेसुद्धा. आडाजवळच्या दगडावर लुगडं असं बडवायच्या की शेजारी आवाजावरून ओळखायचे, आज हेडमास्तर की सरपंच. दत्तानं जमीन विकली तेव्हा हौसेनं आत्याला धुण्याचं मशीन आणून दिलं. बाईंनी त्यात आंबेमोहोर तांदूळ भरून ठेवला. म्हणाल्या, "झाकण चांगलं घट्ट बसतंय, उंदीर जात न्हाई. पण धुनं मशीन धुणार, तर माझा राग कोण धुणार?"

सगळं बिघडलं ते शाळेच्या भिंतींपासून. साहेब लोक तपासणीला येणार म्हणून हेडमास्तरांनी व्हरांडा रंगवून घेतला आणि भिंतींवर सुविचार लिहायचं ठरवलं. सुविचार कुठून आणायचे? बाईंच्या ओळी पोरांच्या तोंडी होत्याच. पेंटरनं ऑइलपेंटमध्ये झकास अक्षरात लिहून काढल्या. आता सुविचार म्हणजे काय, तर ज्याच्याशी कुणी भांडत नाही असं वाक्य. त्यामुळे कोण बोलतंय ते गाळलं. बाई सकाळी आल्या, व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि त्यांना दिसलं की दरोडेखोर, जहागीरदार, खोटी साक्ष देणारा कारकून, सगळे एका रांगेत संत होऊन बसलेत.

त्या हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. आम्ही पोरं खिडकीखाली. "सर, ह्येच्याखाली नावं टाका." हेडमास्तर म्हणाले, "बाई, सुविचाराखाली दरोडेखोर लिहू का? साहेब काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "मंग सुविचार पुसा." ते म्हणाले, "ऑइलपेंट आहे." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

बाईंनी शाळेच्या कुंड्यांना लावायचा गेरू कालवला, कुंचला घेतला आणि भर मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेदेखत एकेका ओळीखाली नाव लिहीत गेल्या. दरोडेखोर. जहागीरदार. बुडालेला नावाडी. खोटा साक्षीदार. साहेब आले, वाचलं, एक जण हसला म्हणतात, पण हेडमास्तरांना काही हसू आलं नाही. पुढच्या वर्षीपासून वरच्या वर्गांचं इंग्रजी बाईंकडून काढून घेतलं आणि त्यांना खालच्या वर्गांना एबीसीडी शिकवायला बसवलं. गेरूचं काय होणार? एका पावसाळ्यात वाहून गेला. ऑइलपेंट राहिला. त्यानंतर जी पोरं शाळेत आली, त्यांनी नुसत्या ओळी वाचल्या.

आमचा चौक बदलला, भाताची खाचरं जाऊन सोसायट्या आल्या, खोल्या भाड्यानं गेल्या, पण त्या भिंतींवरची पोरं मोठी होऊन माझ्या दुकानात यायला लागली. एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला. गळ्यात साखळी, डोळ्याला गॉगल, वर ओळ: 'वाट चालणाऱ्याची नसते, वळणावर थांबणाऱ्याची असते.' मी त्याला म्हटलं, दादा, ही ओळ नको. तो म्हणाला, शाळेत वाचली होती, तेव्हापासून मनात आहे. गिऱ्हाईक आहे, छापून दिला. बाई रिटायर झालेल्या, भाजी घ्यायला चौकात आल्या, फ्लेक्ससमोर थांबल्या आणि छत्री वर करून हसत सुटल्या. भाजीवाल्याला म्हणाल्या, "आयला, बरोबर माणसाच्या तोंडी गेली की रं." त्या भावी सरपंचानं जमिनीच्या व्यवहारांत किती जणांना वळणावर गाठलं होतं, ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. भाजीवाला घाबरून इकडेतिकडे बघायला लागला.

तेव्हा त्या हसल्या. नितीनच्या वेळी हसल्या नाहीत.

नेऱ्याच्या पुढं, डोंगर चढायला लागतो तिथं एक पाझर तलाव आहे. मागं कधीतरी दुष्काळी कामावर गावानं खोदलेला. त्याच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे. वाडीला उन्हाळ्यात जवळपास दुसरं पाणी नाही. प्यायचं, धुण्याचं, पोरांच्या आंघोळीचं, सगळं त्या तलावावर. मासे-खेकडे मिळतात ते वेगळे. तलाव सरकारचा, पण भोवतालची जमीन नितीनच्या वाडवडलांची. नितीन आमच्याच शाळेतला, बाईंचा वर्ग काढून घेतल्यानंतरचा. भुकूमला त्याची एक स्कीम उभी राहिली होती, ऑफिसही तिथंच, दुसरी त्यानं ह्या तलावाभोवती काढली. बंगले. पाण्याला त्यानं हात लावला नाही. पाण्याभोवती भिंत घातली आणि एक फाटक ठेवलं.

उद्घाटनाचा फ्लेक्स छापायला माझ्याकडे आला, म्हणून मला कळलं. फ्लेक्सवर फाटकाचा फोटो. फाटकाशेजारी काळ्या दगडात सोनेरी अक्षरांत कोरलेलं: 'पाणी शांत हवं, तर काठ रिकामा हवा.' आणि खाली: 'आमच्या आदरणीय गुरू, श्रीमती इंदुमती शेलार.'

मी तशीच स्कूटी काढली आणि बाईंना जाऊन फोटो दाखवला. बाईंनी चष्मा घातला नाही, नेहमीसारखा भिंगासारखा एका डोळ्यासमोर धरला. मग म्हणाल्या, "चल, मला भुकूमला ने."

नितीन वाईट वागला असता तर सोपं झालं असतं. तो खुर्चीतून उठला, बाईंच्या पाया पडला, चहा मागवला. "बाई, तुमच्यासाठी सरप्राईज ठेवलं व्हतं. शाळेत जाता-येता रोज वाचायचो मी ती वळ. टेन्शन आलं की अजून म्हणतो मनात. तुमच्यामुळं आमी घडलो."

"नाव काढ," बाई म्हणाल्या.

"अहो पण बाई, तुमचा मान हाय तो."

"नितीन, ती वळ जहागीरदार बोलतोय. त्यानं तळ्यावरच्या धुणाऱ्या बायांची खोपटी जाळली. का, तर पाण्यावर लाटा उठत्यात, आन् त्येला त्यात आपल्या वाड्याचं प्रतिबिंब मोडकं दिसतं. मंग पाव्हण्याला तळं दाखवताना तो असं म्हणतो. आन् तू ते माझ्या नावानं लावलंस. वाडीच्या बाया आता पाणी कुठनं भरणार?"

तो खरंच गोंधळला. पण पैसेवाल्या माणसाचा गोंधळ फार वेळ टिकत नाही. "वाडीला मी टँकर देतो की, बाई. लोकांनी हितं शांततेसाठी बंगले घेतलेत. वळीचा अर्थ आपण घेऊ तसा असतो."

"टँकर तू बंद करू शकतोस. तलाव न्हाई," बाई म्हणाल्या. "येक तर वळ काढ, न्हाईतर वाट सोड." चहा तसाच ठेवून त्या उठल्या. गाडीवर मागं बसून माझ्या खांद्याला इतक्या जोरात धरलं होतं की घरी गेल्यावर मला वळ दिसले.

उद्घाटनाला मात्र त्या गेल्या. मला वाटलं जाणार नाहीत. मांडव होता, खुर्च्या होत्या, बंगलेवाले पुढं आणि गाव मागं. स्वयंपाकाला आलेल्या बाया, टेम्पोवाले, जमिनी विकलेले शेतकरी, फाटकावरचा वॉचमन किसन, सगळे आमच्याच शाळेचे. नितीननं बाईंना शाल दिली आणि माईक हातात देऊन दोन शब्द बोलायची विनंती केली.

बाईंनी ती ओळ आधी इंग्रजीतून म्हटली. बंगलेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्या बोलीतून म्हटली: "पाणी शांत पायजे, तर काठ रिकामा पायजे." आणि छत्री स्टेजच्या फळीवर आपटली.

"कोण बोलतंय?"

"जहागीरदार, बाई," मागून आवाज आला. एकट्या-दुकट्याचा नाही. भातवाढ्या हातात घेतलेल्या बायांचा, टक्कल पडलेल्या बाप्यांचा, किसनचा, माझा. कुणी ठरवून बोललं नाही. तोंडातून निघून गेलं. पुढच्या खुर्च्या मागं वळून बघायला लागल्या.

"पुढं काय हुतं?" बाई म्हणाल्या आणि कवितेचा शेवट त्यांनी सांगितला. पाव्हण्याला तहान लागते. जहागीरदार नोकराला म्हणतो, तळ्यातलं पाणी आण. नोकर हलत नाही. म्हणतो, सरकार, बाया गेल्या तेव्हापासून ह्या पाण्याला कुणी तोंड लावलेलं नाही.

बाईंनी माईक खाली ठेवला, शाल घडी करून त्यावर ठेवली आणि मांडवाच्या बाहेर पडल्या. नितीननं माईक उचलला, हसून म्हणाला, आमच्या बाई अजून तशाच कडक आहेत, आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. जेवणाची पंगत बसली. ज्यांनी एका सुरात जहागीरदार म्हटलं होतं, ते जेवून गेले. मीपण तिथंच उभी होते, मला काय कुणाला बोलायचा अधिकार? पण राग आला तो आला, आणि अजून गेलेला नाही.

चार-दोन दिवसांनी किसनचा मला फोन आला. दगडावरचं नाव काढलं म्हणाला. मी खूश होऊन बाईंना सांगायला गेले, त्यांना गाडीवर घेऊन फाटकाशी आले. नाव छिन्नीनं तासून काढलं होतं. ओळ होती तशीच होती, सोनेरी.

बाईंनी तासलेल्या जागेवरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत त्यांचा इतका थंड आवाज मी ऐकला नव्हता. "मंगल, ह्येच्यापरीस माझं नाव बरं व्हतं. तवा भांडायला माणूस तर व्हता. आता कोणच बोलत न्हाई. पुन्हा शाळेची भिंत केली ह्यांनी."

त्यांना मोठं काहीतरी सुचलं असं नाही. राग आला की त्या जे करायच्या, तेच त्यांनी केलं. शनिवारी सकाळी लुगड्यांचं गठुडं बांधलं, रिक्षा केली आणि फाटकाशी जाऊन उतरल्या. मागं वाडीची ठकी उभी होती, डोक्यावर हंडा, कडेवर कपडे. रोज येऊन परत जायची.

किसन म्हणाला, "बाई, मला वरनं सांगितलंय, भायेरच्यांना सोडायचं न्हाई."

"वरनं म्हंजी कुठनं? कोण बोलतंय?"

"सुपरवायझर."

"त्येला कोण बोललं?"

"आता ते मला काय म्हाईत, बाई."

"मंग इचारून ये. नाव आणायचं, पूर्ण. तवर मी धुनं आटपते."

किसन शाळेत बाईंपुढं कधी दुसरं वाक्य बोलला नव्हता, तो आता काय बोलणार? फाटक उघडून तो तोंड फिरवून उभा राहिला. बाई आत गेल्या, त्यांच्या पाठोपाठ ठकी गेली. तलावाच्या काठावर बंगल्यांच्या गॅलऱ्यांसमोर एका दगडावर बाईंनी लुगडं बडवायला घेतलं. तो आवाज त्या डोंगराला लागून परत यायचा.

मग दर शनिवारी हेच. वाडीला कळलं की बाईंच्या पाठीमागून गेलं की अडवत नाहीत. आठवड्याचं धुणं, पोरं, हंडे, सगळी वाडी शनिवारी बाईंची रिक्षा दिसेपर्यंत वाटेवर बसून राहायची. नितीनचा टँकर काही आला नाही; रोजचं पाणी डोंगरापलीकडून आणायची आणि शनिवारी काठावर यायची. बंगलेवाल्यांच्या तक्रारी गेल्या. नितीननं दत्ताला फोन केले, आत्याला समजाव म्हणून. दत्ता म्हणाला, समजावतो, आणि घाबरून गेलाच नाही. बाईंना म्हातारपणी कुणी हात लावणार नव्हतं, आणि लावला असता तर मारुंजीपासून भुकूमपर्यंत त्यांचे विद्यार्थी होते. नितीनला तेवढं कळत होतं.

एकदा ठकीनं त्यांना विचारलं, "बाई, तुमी आल्या न्हाई तर?" परतताना बाई मला म्हणाल्या, "हिनं बरोबर इचारलं. मी काय जलमभर पुरणार हाय व्हय?" त्यांची चिडचिड तेव्हापासून वाढली. वाडीच्या बायांना म्हणायच्या, तुम्ही एकट्या जा, अडवलं तर विचारा कोण बोलतंय. बाया हसायच्या. ठकी म्हणाली, "आमी इचारलं तर कोण सांगणार, बाई? आमाला नुसती काठी दाखवत्यात." तिचं खरं होतं. बाईंचा सवाल बाईंच्या छत्रीशिवाय चालत नव्हता. शाळा, शाल, तोंडओळख ह्या सगळ्याच्या जोरावर त्यांना उत्तर मिळत होतं, आणि हे त्यांना स्वतःला सगळ्यांत जास्त लागत होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असंच एका शनिवारी. दोन आठवडे ताप येऊन गेला होता, रिक्षानं एकटीला जाववेना, म्हणून मी गाडीवर घेऊन गेले. गठुडं नव्हतं. पिशवीत एकच पांढरा रुमाल. "येवढाच झेपतोय," म्हणाल्या. दगडावर बसून त्यांनी तो रुमाल भिजवला, साबण लावला आणि हळू हळू आपटायला लागल्या. आवाजसुद्धा येत नव्हता. बाजूला ठकी आणि बाकीच्या बाया धुवत होत्या, पोरं पाण्यात होती.

एका बंगल्यातून एक बाई खाली आली. नवीन राहायला आलेली असावी. हातात मोबाईल, शूटिंग चालू. सगळ्यांवरून फिरवत फिरवत बाईंपाशी आली आणि म्हणाली, "आंटीजी, यहाँ कपड़े धोने को किसने बोला आपको?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका आजारी चेहरा, पण त्यावर वर्गात कुणी पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर दिलं की यायचा तो भाव आला. "मंगल, ऐकलंस का? शेवटी कुणीतरी इचारलं."

त्यांनी माझा हात धरला आणि उभ्या राहिल्या. छत्री टेकवली. मोबाईलकडे बघून, खिडकीबाहेरचे म्हशीवाले थांबायचे तसल्या आवाजात म्हणाल्या, "मी बोलतेय. इंदुमती शेलार. हितं धुनं धुवायला मी सांगितलंय. नाव नीट घे. शेलार." मग त्या बाईला काही समजलं नसावं असं वाटून तेच पुन्हा इंग्रजीतून सांगितलं. मोबाईल खाली गेला. बाई पुन्हा बसल्या आणि रुमाल पिळायला लागल्या. माझ्या डोळ्यांपुढं त्या अजून तशाच आहेत, पाण्यात पाय सोडून, एवढासा रुमाल दोन्ही हातांनी पिळत.

पुढच्या शनिवारपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

दुकानात स्टुलावर बसले असताना मला हे सगळं आठवलं, आणि दत्ताला हवी होती ती ओळ माझ्यापाशी आहे हे ध्यानात आलं. मी मशीन चालू केलं. फोटोखाली कवीचं काही टाकलं नाही. मोठ्या अक्षरांत छापलं: 'हितं धुनं धुवायला मी सांगितलंय.' आणि त्याखाली, जेवढी मोठी ओळ तेवढंच मोठं नाव: 'इंदुमती शेलार.'

दत्तानं वाचलं. त्याचे डोळे भरून आले. "चौकात न्हाई लावत हा," म्हणाला, आणि बांबू घेऊन स्वतः जाऊन फाटकाच्या बरोबर समोर, दगडाच्या तोंडाला तोंड देऊन बांधून आला. आमच्याकडे वाढदिवसाचा फ्लेक्स रात्रीत फाडतात, निवडीचा दुसऱ्या दिवशी. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला कुणी हात लावत नाही. मेलेल्या माणसाचा फ्लेक्स आपोआप विरून पडेस्तोवर तसाच राहतो. हे नितीनला माहीत आहे, त्याच्या माणसांना माहीत आहे.

संध्याकाळी नितीनचा फोन आलाच. "मंगलताई, ह्ये काय बोलायचं झालं?"

मी म्हटलं, "मी न्हाई बोलत, शेठ. खाली नाव वाचा."

त्यानं फोन ठेवला. शनिवारी मी मुद्दाम गेले. किसनला काढून टाकलंय, परगावचा नवीन वॉचमन आहे. ठकी आणि बाया हंडे घेऊन आल्या. त्यानं काठी आडवी धरली आणि विचारलं, किसने बोला? ठकीला वाचता येत नाही. तिनं बोट वर केलं. त्यानं फ्लेक्सकडे बघितलं, हात जोडलेल्या फोटोकडे, हाराकडे. कपाळाला हात लावला आणि काठी बाजूला घेतली. बाया आत गेल्या.

फ्लेक्स उन्हात फार टिकत नाही. रंग उडतो, कडा सुटतात, वाऱ्यानं फाटतो. विरला की दुसरा छापीन. तो विरला की तिसरा. दुकान माझं आहे.